फिरत्या काट्याचा पुरावा

फोटो हलला तेव्हा न्या अपोलोनियाच्या, म्हणजे अपोलोनियाबाईंच्या, डाव्या हातात सुई होती आणि उजव्या अंगठ्याखाली शेजारचा कुत्रा होता. कुत्रा फोटोतला. तिचा नवरा, कराई फुल्हेन्सियो, म्हणजे फुल्हेन्सियोराव, जाऊन अकरा महिने झाले होते. वर्षाची नऊ दिवसांची प्रार्थना तोंडावर आली होती, वेदीवर ठेवायला त्याचा एखादा बरा फोटो हवा होता, म्हणून तिने त्याचा फोन कपाटातून काढून चार्जिंगला लावला होता.

फोनमध्ये सेहेचाळीस फोटो निघाले. एकातही फुल्हेन्सियो नव्हता. असणार कसा? तीस वर्षं नगरपालिकेच्या मोजणी खात्यात कारकुनी केलेला माणूस तो. त्याच्या लेखी फोटो म्हणजे आठवण नव्हे, पुरावा. कुंपणाची भिंत तडकली, काढ फोटो. शेजारच्या कुत्र्याने पेरूच्या झाडाशी पाय वर केला, काढ फोटो. अपोलोनियाचे तीन फोटो होते, तिन्ही पाठमोरे, आणि तिन्हींचा खरा विषय तिच्या डोक्यावरचं गळकं छप्पर हा होता.

कुत्र्याचा फोटो पुसून टाकावा म्हणून तिने त्यावर अंगठा ठेवला. साठ वर्षं न्यांदुती विणली तिने, ती कोळ्याच्या जाळ्यासारखी आमची लेस. त्या सुईने अंगठ्याला असा घट्टा पाडला होता, की फोनला तो अंगठा जाणवतच नसे. म्हणून ती फोनवर बोट ठेवायची नाही, रोवायची. तसा तिने तो रोवला. कुत्र्याने मान वळवली. पाय उचलला. आणि फोनच्या आतून फुल्हेन्सियो म्हणाला, "थांब मेल्या, तसाच थांब, हलू नको!" मग खट्ट आवाज झाला आणि कुत्रा पुन्हा फोटो झाला.

न्या अपोलोनियाने आधी मागच्या दाराकडे पाहिलं. मग सुई खाली ठेवली, कारण हात कापत असताना सुई हातात ठेवू नये हे तिला आईने शिकवलं होतं.

तिच्या लहानपणी फोटो काढणारा वर्षातून एकदा, गावच्या संताच्या सणाला यायचा. लाकडी घोडा, काळं कापड, तीन पायांची पेटी. "हललीस तर फोटो फुकट," असं म्हणून बाप दंडाला धरून उभं करायचा. श्वास कोंडून उभी राहिलेली सगळी पिढी तिची. त्या फोटोंत जिवंत माणसंही मेल्यासारखी दिसतात. आणि आता फोटो आपणहून हलायला लागले होते, मेलेली माणसं बोलायला लागली होती, आणि तिला कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

दुपारभर तिने अंगठा रोवून सेहेचाळीसच्या सेहेचाळीस फोटो ऐकले. प्रत्येकात तीन सेकंद. "ही भेग नीट बघून घ्या." "बोट काढ, बोट मध्ये येतंय." "कुठं दाबायचं असतं हे?" "अपोलोनिया, जरा बाजूला सरक." एकात नुसता खोकला. सगळा मिळून सव्वादोन मिनिटांचा नवरा. त्यात गोड शब्द एकही नाही. पण गोड शब्दांसाठी तिने त्याच्याशी लग्न केलं नव्हतंच. दुसरीकडे कुठे त्याचा आवाज नव्हता, आणि गेल्या महिन्यापासून तो आवाज कसा होता हे तिला नीट आठवेनासं झालं होतं. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती.

शेजारच्या न्या बिबियानाला मात्र कुत्र्याचं सांगावंच लागलं. कुत्रा तिचाच होता. बिबियाना म्हणजे वस्तीची प्रार्थना सांगणारी. तीन नवरे पोहोचवले होते तिने, त्यामुळे या विषयात तिचा शब्द शेवटचा. तिने कुत्र्याचा फोटो ऐकला, छातीवर क्रूस काढला, पुन्हा ऐकला.

"अगं, हा तर फुल्हेन्सियो! माझ्या कुत्र्याला मेल्या म्हणतोय!"

"म्हणू दे गं. आवाज बघ."

"आवाज तोच. कुजकाच." बिबियानाने डोळे पुसले. "हे नवव्या दिवशी लावायचं. प्रार्थना झाल्यावर, सगळ्यांसमोर. माझा भोंगा आणते."

"प्रार्थनेत कुत्रा?"

"कुत्रा नको. काहीतरी भारदस्त काढ त्यातून. छप्पर वगैरे."

अपोलोनियाने छप्पर ब्वेनोस आयरेसला मुलाला पाठवलं. मुलाचं उत्तर आलं, "आई, छप्पर अजून गळतंय का?" तिने लिहिलं, दाबून बघ. त्याने लिहिलं, दाबलं, काही होत नाही. तिने लिहिलं, जोरात दाब. त्याने लिहिलं, आई, तू औषध वेळेवर घेतेस ना?

म्हणजे पाठवताना फोटो वाटेत मरत होता. हे नवीनच. मग बिबियानाच्या सल्ल्याने दोघी बाजाराजवळच्या आर्सेनियोच्या दुकानात गेल्या. आर्सेनियो पन्नाशीचा, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. घड्याळं गेली, फोन आले, डोळ्याचं भिंग तेच राहिलं.

"सोपं आहे, न्या अपोलोनिया," तो म्हणाला. "फोटोच्या पोटात छोटासा व्हिडिओ असतो. तुम्ही बटण दाबायच्या आधीपासून फोन गुपचूप टिपत असतो. पोट फाडलं की झालं."

"फाडायलाच पाहिजे का?" अपोलोनियाने विचारलं.

"बोलायची पद्धत हो! तुम्ही बसा. तेरेरे घ्या, आत्ताच बर्फ घातलाय."

दोघींनी तेरेरे, तो गारेगार पाल्याचा चहा, शिंगाच्या पेल्यातून एकमेकींकडे फिरवत अर्धा तास काढला. हा अर्धा तास अपोलोनिया पुढे कधी विसरली नाही, कारण त्यात ती खूश होती. बिबियानाने तिला कुठला फोटो आधी लावायचा आणि कुठला नंतर हे सांगितलं, भोंग्याचा आवाज किती ठेवायचा तेही ठरवलं. मग आर्सेनियोने भिंग वर केलं.

"फोनमध्ये तसूभर जागा नव्हती. काहीच काढता येईना. म्हणून आधी साफसफाई करून घेतली. फोनने विचारलं, फोटोंचं वजन कमी करू का? म्हटलं, कर बाबा. बघा कसा हलका झाला!"

अपोलोनियाने कुत्र्यावर अंगठा रोवला. कुत्रा हलला नाही. भिंत, छप्पर, खोकला, एकेक करत तिने सेहेचाळीस दाबले. फोन विचारलेलं अगदी खरं करून बसला होता. वजन गेलं होतं. फोटो सगळे जागच्या जागी, स्वच्छ, गप्प. श्वास कोंडून उभे.

आर्सेनियोचा चेहरा पांढरा पडला. त्याने कचऱ्याची टोपली उघडली. साफसफाई झाल्यावर टोपलीही त्यानेच रिकामी केली होती. टापटिपीचा माणूस.

"आर्सेनियो," बिबियाना म्हणाली, "तुझ्या आईच्या प्रार्थनेला मी अकरा माळा जास्त म्हटल्या होत्या. त्या परत घेते."

अपोलोनियाने फक्त पाणी मागितलं आणि ते प्यायली नाही. पहिल्या वेळी फुल्हेन्सियो गेला तेव्हा डॉक्टर होते, पाद्री होता, वस्ती होती. दुसऱ्या वेळी तो एका टपरीत गेला, आणि जाताना ती बर्फ घातलेलं तेरेरे पीत होती.

"हे फोटो अजून कुठे दिलेत का?" आर्सेनियो घोगऱ्या आवाजात विचारत होता. "निरोपातून नाही. वायर लावून, अख्खेच्या अख्खे? कुणाच्या संगणकावर?"

आणि मग तिला मीटर आठवलं.

फुल्हेन्सियोच्या आयुष्यातलं शेवटचं प्रकरण पाण्याच्या मीटरचं. वस्तीच्या पाणी समितीचं ते मीटर नळ बंद असतानाही फिरतं, असं त्याचं म्हणणं होतं. उन्हाळ्यात पाइपातून नुसती हवा येते आणि समिती आपल्याला हवा विकते, असं. त्याने मीटरचा फोटो काढला, पुरावा. काढताना अंगणातून ओरडून अपोलोनियाला नळाचं विचारलं. ती मागच्या ओसरीत चौकटीवरच्या लेसला खळ लावत होती. दोन्ही हात खळीत. तिने मान वर न करता बंद आहे म्हणून ओरडून सांगितलं. उठून पाहायला तेव्हा कुणाला वेळ होता?

निरोपातून पुरावा पाठवणं फुल्हेन्सियोच्या तत्त्वात बसत नव्हतं. तो फोन घेऊन स्वतः समितीच्या कचेरीत गेला, वायर लावून फोटो त्यांच्या संगणकात उतरवून घेतला आणि त्याची शिक्क्यासह पोच घेतली. महिन्याने उत्तर आलं, "छायाचित्रात काटा फिरताना दिसत नाही. तक्रार निकाली." फुल्हेन्सियो कचेरीत जाऊन ओरडला, "फिरतोय! माझ्या फोनात फिरतोय!" समितीचे अध्यक्ष कराई क्रिस्पुलो शांतपणे म्हणाले, "कराई, फोटो फिरत नसतात." वस्ती पोट धरधरून हसली. तेव्हापासून त्याचं नाव पडलं 'फिरता काटा'. पोरं कुंपणावरून ओरडायची. रागाने त्याने मीटरचा फोटो फोनमधून पुसून टाकला; कचेरीतला तेवढा उरला. दोन महिन्यांनी तो गेला. अंत्ययात्रेतही मागे कुणीतरी हळूच म्हटलेलं अपोलोनियाने ऐकलं होतं, "थांबला बिचाऱ्याचा काटा."

तिनेही त्याला सांगितलं होतं, जाऊ दे आता, फोटो कधी फिरतो का? हे शब्द तिला टपरीतल्या खुर्चीवर बसल्या बसल्या आठवले. फोटो फिरत होता. एवढ्या मोठ्या वस्तीत ते एकट्या फुल्हेन्सियोला माहीत होतं.

पोच बिस्किटांच्या डब्यात होती. तक्रार क्रमांक सतरा. ती घेऊन अपोलोनिया कचेरीत गेली. तिथे ग्रिसेल्दा नावाची सचिव बसायची, गोड बाई, पण शिक्क्याची गुलाम.

"फाइल आहे, न्या अपोलोनिया. फोटोही आहे. प्रत मात्र तक्रारदारालाच मिळते. समक्ष."

"अगं, तू प्रार्थनेला आली होतीस की त्याच्या. नऊही दिवस. चिपाचे पाव न्यायचीस घरी."

"ते मी वैयक्तिक आले होते." ग्रिसेल्दाने फॉर्म काढला. "तक्रारदार समक्ष येऊ शकत नसल्यास कारण. इथे तीन कारणं आहेत. आजारी, प्रवासात, स्वारस्य नाही."

"मेला लिही."

"मेलाला चौकट नाही हो." तिने विचार केला. "स्वारस्य नाही म्हटलं तर फाइल कायमची जाईल. आजारीला डॉक्टरची चिठ्ठी लागते. प्रवासात लिहू का?"

अपोलोनियाने खिडकीबाहेर पाहिलं. "लिही," ती म्हणाली.

"परतीची तारीख?"

"ग्रिसेल्दा."

"बरं, कोरी ठेवते."

पण निकाली निघालेल्या तक्रारीची प्रत देता येत नाही. ती आधी पुन्हा उघडावी लागते. उघडण्यासाठी समितीची बैठक, पुराव्याची पाहणी, आणि वस्तीतले निदान वीस साक्षीदार. पुढची बैठक शनिवारी. शनिवारी तर प्रार्थनेचा नववा दिवस. समितीचे सगळे सभासद तिकडे चिपा खायला येणार, म्हणजे बैठकीला वीस सोडा, दोन माणसं जमायची नाहीत. हा पेच कराई क्रिस्पुलोंनी स्वतः सोडवला. ते घरी आले, टोपी काढून हातात धरली.

"न्या अपोलोनिया, बैठक तुमच्या अंगणातच घेऊ. फाइल उघडू, सगळे बघतील, फोटो फोटोसारखा आहे हे एकदाचं ठरेल. मृताच्या नावावर वाद उघडा ठेवणं बरं नाही."

"ठरू दे," अपोलोनिया म्हणाली. तिला वादाशी काही घेणं नव्हतं, असं ती स्वतःला सांगत होती. तिला आवाज हवा होता. पण त्या आठवड्यात खळ कालवताना, पीठ मळताना, अंगणातल्या खुर्च्या मोजताना ती मनातल्या मनात कराई क्रिस्पुलोंचा चेहरा पाहत होती, काटा फिरतानाचा. फुल्हेन्सियोला तोही हवाच असणार.

शनिवारी ऊन उतरल्यावर माणसं आली. अंगण भरलं. एवढी माणसं आठव्या दिवसापर्यंत आली नव्हती. वेदीवर मेणबत्त्या, कागदी फुलं, आणि फोटो म्हणून शेवटी लावलेलं फुल्हेन्सियोचं जुनं नगरपालिकेचं ओळखपत्र, त्यात तो कुणावर तरी खटला भरण्याच्या तयारीत दिसतो. बिबियानाने माळ जपली, पण इतक्या घाईने, की दोनदा देवाला मध्येच तोडलं. मग चिपा फिरला, दूध घातलेला कोसिदो चहा फिरला, आणि वेदीशेजारच्या टेबलावर कचेरीचा संगणक मांडला गेला. त्याला बिबियानाचा भोंगा. संगणकापाशी आर्सेनियो, स्वच्छ शर्ट घालून. चार दिवस तो दुकान बंद ठेवून हे शिकत बसला होता.

"बैठक सुरू," कराई क्रिस्पुलो म्हणाले. ग्रिसेल्दाने वही उघडली.

पडद्यावर मीटर आलं. निळी पेटी, धूळ, बारीक लाल काटा. सगळे माना पुढे करून पाहत राहिले. मीटर मीटरसारखं राहिलं.

"बघा," क्रिस्पुलो सौम्यपणे म्हणाले. "आहे का काही हालचाल?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. अपोलोनियाची कानशिलं तापली.

"थांबा," आर्सेनियो म्हणाला. "व्हिडिओ फाइलच्या शेपटीला चिकटलेला असतो. शेपूट सोडवायची." त्याने तीन कळा दाबल्या, प्रत्येक कळ दाबायच्या आधी अपोलोनियाकडे पाहून. "सुटली."

लाल काटा फिरला. तुरुतुरु, तालात, बिनलाज. अंगणातून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला. आणि भोंग्यातून, साऱ्या वस्तीच्या डोक्यावरून, फुल्हेन्सियो ओरडला, "अपोलोनिया! मागचा नळ बंद?"

"बंद!" अपोलोनियाचाच आवाज, वर्षाहून जास्त जुना, वैतागलेला.

आणि त्या दोघांच्या मागे, स्वच्छ, एकसारखी, पत्र्याच्या घमेल्यात पडणारी पाण्याची धार.

खट्ट. मीटर पुन्हा फोटो झालं.

ग्रिसेल्दाची पेन्सिल थांबली. पाण्याचा आवाज ओळखायला काही कुणाला साक्षीदार लागत नाही. खळीचं घमेलं. त्यात तिने धार सोडून ठेवली होती आणि विसरली होती. एकेक माणूस मान वळवून तिच्याकडे पाहू लागलं, मुद्दाम नव्हे, पाहिलं जात होतं. मीटर चोख होतं. फुल्हेन्सियोचा फोटो खरा होता, डोळे खरे होते, संताप खरा होता. खोटं एवढंच होतं, की ती उठली नव्हती. दहा पावलं. दहा पावलांपायी त्याचा फिरता काटा झाला, कचेरीत घसा फुटला, रक्तदाब चढला, आणि ती म्हणाली होती, जाऊ दे आता.

"तो आवाज..." कराई क्रिस्पुलोंनी सुरू केलं आणि सोडून दिलं.

"काटा फिरला की नाही?" बिबियाना कडाडली. "तक्रार काय होती? फोटोत काटा फिरत नाही, असं तुम्हीच लिहिलंत ना? फिरला! ग्रिसेल्दा, लिही, फिरला. बाकी काही कुणी ऐकलं नाही. माझा भोंगा जुना आहे, खरखरतो."

"खरखरतो," चार-पाच जणांनी मान डोलावली. भोंगा अगदी नवाकोरा होता.

क्रिस्पुलोंनी टोपी काढली. "लिहा," ते ग्रिसेल्दाला म्हणाले. "छायाचित्रात काटा फिरतो. समितीकडून... समिती दिलगीर आहे."

हे ऐकायला फुल्हेन्सियोने काय दिलं असतं! अपोलोनिया वेदीवरच्या ओळखपत्राकडे पाहत राहिली. तो तिथून तसाच पाहत होता, नाकाच्या रेषेत, कागद पुरा झाला का हे बघणाऱ्या नजरेने.

"अजून लिही, ग्रिसेल्दा," ती म्हणाली. "मागचा नळ उघडा होता. कुणी उघडा ठेवला तेही लिही. नाव, आडनाव. अर्धा पुरावा त्याला चालायचा नाही."

"न्या अपोलोनिया, काही गरज..."

"लिही गं." मग ती आर्सेनियोकडे वळली. "आणि तू पुन्हा लाव."

त्याने पुन्हा लावलं. मग पुन्हा. लोकांनी कप खाली ठेवले. नवव्या-दहाव्या वेळी कुणीतरी हसलं, वाईट हसणं नव्हे, कारण भोंग्यातून येणारा तो "बंद!" इतका ठाम होता. अपोलोनियाही हसली आणि मग तिला खुर्चीवर बसवावं लागलं. संध्याकाळी चिपा संपला, कागदी फुलं बिबियानाने काढून ठेवली, वेदीच्या पायऱ्या रीतीप्रमाणे एकेक करून मोडल्या. मेलेल्याने आता जायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ.

तक्रार क्रमांक सतरा निकाली निघाली. कचेरीच्या वहीत तक्रारदार मात्र अजून प्रवासातच आहे, परतीची तारीख कोरी.

आर्सेनियोने त्या तीन सेकंदांची चकती करून दिली, मुलाला पाठवली, आणि फोनमध्येही घातली, वजनासकट. अपोलोनिया रोज दुपारची झोप झाली की चौकट पुढ्यात घेते, विणायला बसते, आणि सुई ओवायच्या आधी एकदा त्या मीटरवर अंगठा रोवते.

"अपोलोनिया! मागचा नळ बंद?"

ती सुई खाली ठेवते. उठते, गुडघे धरून, ओसरी ओलांडून मागे जाते, दहा पावलं, तोटीवर हात ठेवते आणि करकचून पिळते. मग परत येऊन बसते, आणि तेव्हाच उत्तर देते.